प्रकल्प अहवाल, वित्तविषयक (पदवी स्तर)

वाणिज्य शाखेच्या पदवी विद्यार्थ्याने मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखाली वित्तविषयक प्रश्नाचा अभ्यास करून लिहिलेला आणि परीक्षकांपुढे सादर केलेला लघुप्रबंध.

पदवी स्तरावरील संशोधनाला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मोठी चालना मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. उदाहरणादाखल, धाराशिव जिल्ह्यातील कळंब येथील महाविद्यालयीन शिक्षण १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येते (पहा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ).

मांजरा नदीकाठच्या या सोयाबीन पट्ट्यात पीककर्ज, पतसंस्था आणि बचत गट हे अशा प्रकल्पासाठी हाताशी असलेले विषय होत. ताळेबंदातील आकडे मात्र जपून वाचावे लागतात. सर्वसाधारण मुदत कर्ज ९० दिवसांहून अधिक थकल्यास अनुत्पादक ठरते. सोयाबीनसारख्या अल्पमुदतीच्या पिकाच्या कर्जाला दोन पीकहंगामांची मुभा असते. हा भेद सुटला तर थकबाकीचे सगळे विश्लेषण चुकते (पहा : अनुत्पादक कर्ज).

अहवालात उद्दिष्टे, पूर्वसाहित्य, नमुना निवड, विश्लेषण, निष्कर्ष व मर्यादा येतात. कर्जदारांची नावे गुप्त ठेवली जातात. मौखिक परीक्षेत तक्त्यांपेक्षा त्यांमागील तर्काची कसोटी लागते, आणि तेच योग्य आहे.

अशा अहवालांतून तालुक्याच्या पतव्यवहाराची स्थानिक माहिती नोंदली जाते (पहा : ग्रामीण पतपुरवठा).