त्रिआनोंनंतरची हंगेरियन भूसेना

पराभूत राष्ट्राच्या सैन्यावर तहाने घातलेली मर्यादा त्या राष्ट्राला शांतताप्रिय बनविते काय, हा प्रश्न हंगेरीच्या दोन महायुद्धांमधील भूसेनेच्या इतिहासावरून तपासून पाहण्याजोगा आहे.

या सेनेचा उगम १९१९ मधील आहे. बेला कुनच्या साम्यवादी राजवटीविरुद्ध सेगेद येथे मिक्लोश होर्तीच्या नेतृत्वाखाली ‘राष्ट्रीय सेना’ उभी राहिली. १६ नोव्हेंबर १९१९ रोजी होर्तीने बुडापेस्टमध्ये प्रवेश केला व १ मार्च १९२० रोजी संसदेने त्याला राजप्रतिनिधी निवडले. तात्पर्य, ही सेना नव्या राज्याचे केवळ साधन नव्हती. ते राज्यच बह्वंशी तिच्या बळावर उभे होते.

४ जून १९२० रोजी झालेल्या त्रिआनोंच्या तहाने हंगेरीचा दोनतृतीयांशाहून अधिक प्रदेश गेला. सैन्यसंख्येवर ३५,००० ची मर्यादा आली. सक्तीची भरती, रणगाडे व लष्करी विमाने निषिद्ध ठरली. परंतु निषेधाने या गोष्टी नाहीशा झाल्या नाहीत, दृष्टीआड मात्र झाल्या. जकात-रक्षकांच्या दलात सैनिक सामावून घेण्यात आले. १९२१ च्या कायद्यान्वये तरुणांना शारीरिक शिक्षण देण्यासाठी निघालेल्या ‘लेवेंते’ संघटनेने लष्करी शिक्षणाची पूर्वतयारी करून घेतली. १९२७ मध्ये मित्रराष्ट्रांचे लष्करी नियंत्रण संपले आणि त्याच वर्षी इटलीशी मैत्रीचा करार झाला. जानेवारी १९२८ मध्ये सेंटगोटार्ड येथे यंत्रसामग्री म्हणून नोंदविलेल्या मालडब्यांत इटलीहून आलेले मशीनगनचे भाग सापडले.

गुप्ततेने मनुष्यबळ व आकांक्षा जपता येतात. शस्त्रोद्योग मात्र गुप्तपणे उभारता येत नाही. ५ मार्च १९३८ रोजी पंतप्रधान दारान्यी यांनी ग्यॉर येथे एक अब्ज पेंग्यो खर्चाची पंचवार्षिक योजना जाहीर केली. ऑगस्टमध्ये ब्लेद येथे शेजारी राष्ट्रांनी हंगेरीचा शस्त्रसज्जतेचा समान हक्क मान्य केला आणि १९३९ मध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेचा कायदा झाला. तथापि २ नोव्हेंबर १९३८ रोजी चेकोस्लोव्हाकियाकडील प्रदेशाचा काही भाग मिळाला, तो जर्मनी व इटली यांच्या निवाड्याने, हंगेरियन सेनेच्या पराक्रमाने नव्हे.

या ऋणाची फेड पुढे डॉन नदीच्या काठी करावी लागली. जानेवारी १९४३ मध्ये तेथे रणगाडाविरोधी शस्त्रांची तीव्र उणीव असलेली हंगेरीची दुसरी सेना उद्ध्वस्त झाली. त्रिआनोंच्या तहाने सैनिकांची संख्या ठरविली. ज्या असंतोषातून सैन्य वाढते, त्याचा परिहार मात्र केला नाही. हंगेरीचे परावलंबन या दोहोंमधील अंतरातून जन्मले.