जुन्या वळणाचे घड्याळ

‘विंटेज’ हा शब्द मराठीत आणताना मी दर वेळी थबकते. ‘जुने’ म्हणावे तर वस्तू नवी कोरी असते. ‘जुन्या वळणाचे’ म्हणावे तर कोणाच्या, हा प्रश्न उरतो. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीची ऑटोमॅटिक घड्याळे आज पुन्हा जुन्या रूपात निघतात. ती बहुधा १९५३ च्या सुमाराचे वळण गिरवतात.

त्या वर्षी स्वित्झर्लंडच्या ब्लाँपेंने ‘फिफ्टी फॅदम्स’ काढले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर खोली. फ्रेंच लष्कराचे पाणबुडे ते वापरू लागले. तबकडीभोवतीची फिरती कडी मिनिटकाट्याशी जुळवली, की पाण्यात किती वेळ गेला ते कळे आणि हवा संपण्याआधी वर येता येई. ऑटोमॅटिक यंत्रही चैन म्हणून नव्हते. रोज किल्ली दिली की तिथले सील झिजते आणि पाणी शिरायला वाट मिळते.

त्याच १९५३ साली बंगळुरात हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, स्थापन झाली. तिची घड्याळे १९६१ नंतरची, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने झालेली. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावरच्या या शहरात वेळ पाळायची होती ती शाळेची, कचेरीची, रेल्वेची. त्यासाठी ‘जनता’ होते : परवडणारे, रोज किल्ली द्यायचे, काहींच्या तबकडीवर देवनागरी आकडे. ‘कांचन’ मात्र ऑटोमॅटिक. लग्नात जावयाला द्यायचा तो मान ठरला. स्वयंचलित यंत्र तेच. तिकडे त्याने पाणी अडवले, इकडे प्रतिष्ठा मिरवली.

मी राहते त्या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषद आहे. ‘जनता’ आणि ‘कांचन’ हे शब्द तिथे जितके कन्नड, तितकेच माझ्या घरात मराठी. अनुवादाची गरजच नसलेली अशी नावे एका सरकारी कारखान्याने देशभरच्या मनगटांवर बांधली.

पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली आणि किल्ली मागे पडली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

आज फिरत्या कडीचे घड्याळ घालणारे बहुतेक जण समुद्रात उतरत नाहीत. दुसऱ्यांची गरज आपण दागिना म्हणून घालतो, याला माझी हरकत नाही. पण ‘जुन्या वळणाचे’ असे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ब्लाँपें येत नाही. आंघोळीआधी उतरवून कोनाड्यात ठेवलेले, पाण्याला जपावे लागणारे ‘जनता’ येते.