घाटमार्गावरील सायकल शर्यत : मुंबई–पुणे

एका गावाहून निघून त्याच दिवशी दुसऱ्या गावी संपणारी आणि वाटेत डोंगर ओलांडावयास लावणारी रस्त्यावरील सायकल शर्यत. बहुदिवसीय शर्यतीत आज गमावलेला वेळ उद्या भरून काढता येतो. एकदिवसीय शर्यतीत ती सोय नसते. अंतिम रेषा जो प्रथम ओलांडील, तो विजेता. त्यामुळे चढ किती मोठा आहे यापेक्षा तो अंतिम रेषेपासून किती दूर आहे, यावर स्पर्धकांचे डावपेच आणि संभाव्य विजेत्याविषयीचे अंदाज अवलंबून असतात. या प्रकाराचे महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरण म्हणजे १९४० च्या दशकापासून, मधूनमधून खंड पडत, चालत आलेली मुंबई–पुणे सायकल शर्यत. या शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा आहे. घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता या दोन भिन्न व्यक्ती असू शकतात. असे का घडते, याचे उत्तर मार्गाच्या रचनेत सापडते.

भूरचना : सह्याद्रीची पश्चिमेकडील बाजू कड्यासारखी सरळ उतरते, तर पूर्वेकडील बाजू पठाराच्या रूपाने हळूहळू खालावत जाते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर तालुक्यातील घाटघर येथे ही रचना विशेष स्पष्ट दिसते. पूर्वेकडून जुन्नरहून येणारा रस्ता फारसा चढ न लागता घाटघरला पोहोचतो; पुढे नाणेघाटाच्या माथ्यावर जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण दिसू लागते. सातवाहनकाळी जुन्नरचा माल कल्याण व सोपारा या बंदरांकडे याच वाटेने उतरे. नागनिकेचा प्रसिद्ध लेख येथील लेण्यात आहे. तथापि नाणेघाट ही पायवाट आहे. पायऱ्यांच्या या वाटेवर चाक चालत नाही. जुन्नर तालुक्यात वाहनांना चढण्याजोगा घाट म्हणजे माळशेज, आणि त्याच्या दक्षिणेस मुंबई–पुणे मार्गावरचा बोरघाट. घाट कोणताही असो, कोकणातून देशावर येणाऱ्या सायकलस्वारास प्रथम दीर्घ सपाटी, मग थोड्या अंतरात मोठा चढ आणि शेवटी पठार, हाच क्रम भेटतो.

मार्ग : बोरघाटातून गाड्या चढू शकतील असा रस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, खुला झाला. याच घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. घाटातील शिंगरोबाचे देऊळ प्रसिद्ध असून इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची आख्यायिका त्याच्याशी निगडित आहे. बैलगाड्यांसाठी आखलेल्या या रस्त्याच्या वळणांवरच पुढे सायकलस्वारांची परीक्षा होऊ लागली.

दादर–पनवेल–खोपोली–लोणावळा–पुणे हा मार्ग सु. १५० किमी. भरतो. त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग मुंबई ते खोपोली, सु. ७० किमी., जवळजवळ सपाट. दुसरा भाग खोपोली ते लोणावळा, सु. १५ किमी.; यात पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते आणि शिंगरोबाच्या परिसरात चढ सरासरीपेक्षा बराच तीव्र होतो. तिसरा भाग लोणावळा ते पुणे, सु. ६५ किमी. लोणावळ्याची उंची सु. ६२० मी. व पुण्याची सु. ५६० मी. असल्याने हा भाग एकंदरीत किंचित उताराचा आहे. कामशेतजवळच्या खिंडीसारखे लहान चढ मात्र मधे लागतात. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर वाशीचा पूल होईपर्यंत मुंबईहून पनवेलला जाणारा रस्ता ठाण्यावरून फिरून जाई. म्हणजे त्या काळी घाटाच्या पायथ्याशी पोहोचण्याआधीची सपाटी आणखी लांब होती.

घाटाचे गणित : सपाटीवर ताशी ४० किमी. वेगाने जाताना स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा रोध तोडण्यात खर्च होते. पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहणाऱ्याचे श्रम लक्षणीय प्रमाणात वाचतात. चढावर वेग निम्म्यावर येतो, आडोशाचा लाभ थोडा उरतो आणि स्वतःचे वजन वर उचलणे हेच मुख्य काम होऊन बसते. स्वार व सायकल मिळून ७५ किग्रॅ. धरल्यास ५५० मी. उंची गाठण्यास सु. ४०० किलोजूल कार्य करावे लागते. ३०० वॉट शक्ती सतत लावणारा स्वार एवढे कार्य सु. साडेबावीस मिनिटांत करील. तेवढीच शक्ती असलेला, परंतु १० किग्रॅ. अधिक वजनाचा स्वार त्याच्यामागे सु. तीन मिनिटे राहील. घाटात सडपातळ स्वार पुढे का निघतो, हे यावरून कळते.

ही तीन मिनिटे पुण्यापर्यंत टिकत मात्र नाहीत. समजा, एकटा पुढे गेलेला स्वार पठारावर ताशी ३६ किमी. वेग राखतो आणि आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेणारा पाठलागी गट ताशी ४० किमी. वेग राखतो. गट माथ्यावर येईल तेव्हा एकटा स्वार १.८ किमी. पुढे असेल. दर तासाला ४ किमी. या हिशेबाने ते अंतर २७ मिनिटांत मिटेल. म्हणजे लोणावळ्यापासून १८ किमी.वर, कामशेतच्या जवळपास, तो पकडला जाईल. पुणे त्यानंतरही ४५ किमी.हून अधिक दूर असते. समोरून, म्हणजे पूर्वेकडून, वारा असल्यास एकट्याची स्थिती अधिकच बिकट होते.

डावपेच : या रचनेमुळे तीन प्रकारच्या स्वारांपुढे तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. चढावर बळकट असलेल्या स्वाराने घाटात एकट्याने निसटणे म्हणजे किताब मिळविण्यासाठी शर्यतीवर पाणी सोडण्याचा धोका पत्करणे होय. विजय हवा असेल तर त्याला माथ्यावर आणखी तिघाचौघांची सोबत लागते. शेवटच्या दोनशे मीटरांत वेगवान असलेल्या, परंतु वजनदार स्वाराने घाटात प्रतिस्पर्ध्यांचा वेग गाठण्याचा मोह आवरावा लागतो. आपल्या मगदुराप्रमाणे चढून तीन मिनिटांच्या आत राहिला, की पुढची सपाटी त्याचीच असते. चढ व सपाटी या दोहोंत मध्यम, परंतु दीर्घकाळ टिकणारा स्वार या मार्गावर सर्वांत भरवशाचा ठरतो, कारण तो माथ्यावरच्या पहिल्या गटातही असतो आणि त्या गटाचा वेग टिकविण्यासही उपयोगी पडतो.

याला संघाची बाजूही आहे. पाठलाग हे अनेकांचे काम असल्याने रेल्वे वा सेनादल यांसारख्या संघांतून उतरलेल्या स्वारांना पठारावर मोठा आधार मिळतो. एखाद्या लहान गावातून स्वतःच्या बळावर आलेल्या मुलाला तसा आधार नसतो. त्याला संघाचे साहाय्य नसलेल्या आणि असलेल्या स्वारांतील अंतर कमीत कमी असते ते घाटात. तेथे प्रत्येकजण आपलेच ओझे उचलतो. ‘घाटाचा राजा’ हा किताब केवळ शोभेचा नाही, तो या अर्थाने न्यायाचा आहे. मार्गामुळे ज्याचे श्रम अंतिम निकालात दिसत नाहीत, त्याची नोंद तो किताब करतो.

अन्य शर्यतींशी तुलना : यूरोपातील जुन्या एकदिवसीय शर्यतींत संयोजकांनी मार्ग बदलून निकालाचे स्वरूप बदलल्याचे दिसते. इटलीतील मिलान–सान रेमो शर्यत मोठ्या जथ्याच्या अंतिम धावेवर ठरू लागल्याने १९६० मध्ये पॉज्जो ही टेकडी व १९८२ मध्ये चिप्रेसा ही टेकडी मार्गात घालण्यात आली. पॉज्जोचा चढ जेमतेम ३.७ किमी. व सौम्य आहे. परंतु त्याचा माथा अंतिम रेषेपासून सु. साडेपाच किमी.वर असल्याने तेथून निसटलेला स्वार काही सेकंदांच्या आघाडीवर जिंकू शकतो. विन्चेन्झो नीबालीने २०१८ मध्ये तसे केले. बेल्जियममधील फ्लेश वालन शर्यत १९८० च्या दशकापासून युई येथील अतितीव्र चढाच्या माथ्यावरच संपते. त्यामुळे तेथे घाटाचा राजा व विजेता एकच असतो. लीएज–बास्तोन्य–लीएज शर्यत १९९२ ते २०१८ या काळात आन्स येथील चढानंतर संपत असे. २०१९ पासून ती पुन्हा लीएज शहरातील सपाट रस्त्यावर संपू लागली आणि शेवटच्या टेकडीवर आघाडी घेणे आवश्यक झाले. बोरघाट यांतील कोणत्याही टेकडीहून मोठा आहे, तरी अंतिम रेषेपासूनच्या अंतरामुळे त्याचा निर्णायकपणा पॉज्जोहून कमी ठरतो. माळशेजमार्गे कल्याणहून जुन्नरला येणारा मार्ग घेतल्यास चढ जवळपास तसाच, परंतु माथ्यानंतरचे अंतर निम्म्याहून कमी भरते. अशा मार्गावर चढणाऱ्या स्वाराचे पारडे साहजिकच जड होईल.

साधने व रस्ता : गिअर नसलेल्या सायकलीवर स्वाराला एकाच दंतचक्रावर सपाटी व घाट दोन्ही काढावे लागत. घाटास सोयीचे चक्र निवडले तर पठारावर पाय नुसते फिरत, सपाटीस सोयीचे निवडले तर घाटात उभे राहून पायडल दाबावे लागे. डावपेचांचा निम्मा भाग अशा रीतीने शर्यतीपूर्वीच ठरून जाई. गिअरच्या सायकलींमुळे हे बंधन गेले आणि चढावर टिकाव धरणाऱ्यांची संख्या वाढली.

रस्त्यातही बदल झाले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यावर सायकलींना मनाई असल्याने शर्यतीस जुना महामार्गच उरला. परंतु घाटाच्या वरच्या भागात दोन्ही मार्गांची वाहतूक एकत्र येते. १८३० च्या रस्त्यावरील अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडण्यात आला. २०२६ च्या जानेवारीत ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय बहुदिवसीय शर्यत पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर झाली आणि वाहतूक थांबवून शर्यत घेता येते, हे दिसून आले. मुंबई–पुणे शर्यतीचे वैशिष्ट्य तिच्या वाटेत असल्याने बोरघाट वगळून ती अन्य रस्त्याने नेल्यास नाव तेच राहील, पण शर्यत दुसरीच होईल. कोकणातून देशावर चढण्याचे जे श्रम नाणेघाटातील वाटसरूंनी व बोरघाटातील गाडीवानांनी केले, त्यांचे मोजमाप घड्याळाच्या काट्यावर करणारी ही परंपरा टिकविण्यासाठी काही तास घाट मोकळा ठेवणे, ही तिची मुख्य गरज आहे.