केसरीची वाटणी आणि नावाची किंमत

मंडळी, सध्या बडोद्यातल्या आपल्या घराघरांत एकच विषय चालू आहे. आपलं त्रैमासिक विकत घ्यायला एक व्यावसायिक तयार आहे, तर द्यायचं का, आणि द्यायचं तर कितीला? कुणी म्हणतं, "मिळेल त्या भावात देऊन मोकळे व्हा, पुढे चालवणार कोण?" कुणी म्हणतं, "आजोबांच्या पिढीनं सुरू केलेलं, ते विकायचं कसलं?" दोन्हीकडचं ऐकून वाटलं, की असाच हिशोब एकदा पुण्यात झाला होता, तो आधी सगळ्यांसमोर मांडावा. तो हिशोब केसरीचा.

जानेवारी १८८१ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी' सुरू केला. छपाई त्यांच्याच आर्यभूषण छापखान्यात. भांडवल म्हणावं तर हौस आणि उसनवारी. त्यात दीड वर्षातच कोल्हापूर प्रकरणी अब्रुनुकसानीचा खटला होऊन टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे दोघांचे मतभेद वाढले. सामाजिक सुधारणेवर मनासारखं लिहिता येईना, म्हणून आगरकर १८८७ साली केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला.

उरलेल्यांत वाटणीची वेळ आली ती १८९१ च्या सुमारास. भागीदार तिघे: टिळक, वासुदेवराव केळकर आणि हरि नारायण गोखले. (हे केळकर म्हणजे साहित्यसम्राट न. चिं. केळकर नव्हेत. ते पुण्यात आले नंतर.) छापखाना केळकर-गोखल्यांकडे गेला. दोन्ही पत्रं टिळकांकडे आली, आणि पत्रांबरोबर त्यांच्यावरचं कर्जही आलं.

एखाद्या व्यवहारी माणसाच्या नजरेनं ही वाटणी बघा. एका बाजूला यंत्रं, खिळे, बाहेरची छपाईची कामं, म्हणजे रोज पैसे आणणारी वस्तू. दुसऱ्या बाजूला दोन नावं आणि एक देणं. कुणीही म्हणेल, टिळक फसले! त्यांनी नुकताच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिलेला, त्यामुळे तिथला पगारही बंद. घर चालवायला त्यांनी वकिलीच्या परीक्षेचे वर्ग काढले, आणि निजामाच्या राज्यात लातूरला कापसाच्या जिनिंग कारखान्यात भागीदारी घेतली. म्हणजे 'चालू' पत्राचा मालक पोटासाठी दुसरीकडे राबत होता.

पण यंत्र जुनं होतं, झिजतं, तसं दुसरं आणता येतं. मंगळवार आला की केसरीची वाट बघायची, ही जी सवय हजारो घरांना लागली होती, ती कुठल्या बाजारात मिळत नाही. टिळकांनी कर्जासकट घेतली ती ही सवय. तिची परीक्षाही लवकरच झाली. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ साली सहा वर्षांची, आणि रवानगी थेट मंडालेला. केसरी बंद पडला नाही. न. चिं. केळकर, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्यासारख्या माणसांनी तो चालवला आणि लोक तो घेत राहिले.

याउलट 'सुधारक' बघा. आगरकरांची लेखणी कुणापेक्षा कमी नव्हती. पण १८९५ साली, चाळिशीही न गाठता ते गेले आणि पत्राला पूर्वीचा जोम राहिला नाही. त्यांचे विचार टिकले, आज आपण त्यातल्या बहुतेक गोष्टी मान्यही केल्या. पत्र मात्र त्यांच्या एकट्याच्या जिवावर उभं होतं. किंमत करणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारावा: आजचा संपादक उद्या नसला, तर अंक कोण उघडणार?

आता या गोष्टीत आपल्या बडोद्याचा धागाही आहे. १९०५ साली टिळकांनी पुण्यातला गायकवाड वाडा आपल्या सयाजीराव महाराजांकडून घेतला आणि केसरीचं बिऱ्हाड तिथे हललं. आज पुण्यात रिक्षावाल्याला गायकवाड वाडा सांगा, तो विचारात पडेल. केसरीवाडा म्हणा, नेऊन सोडेल. राजघराण्याच्या वास्तूला एका वृत्तपत्राचं नाव चिकटलं! चौदा वर्षांपूर्वी वाटणीत जे नाव कर्जाच्या बाजूला पडलं होतं, तेच हे नाव.

आता आपल्या त्रैमासिकाकडे येऊ. समोरच्या गृहस्थांनी वर्गणीदारांची संख्या विचारली आणि आपण आजीव सभासदांचा आकडा अभिमानानं पुढे केला. जरा थांबा. आजीव वर्गणीचे पैसे केव्हाच खर्च झाले, अंक मात्र अजून द्यायचे आहेत. हिशोबाच्या भाषेत हे येणं नाही, देणं आहे. खरी किंमत आहे ती दरवर्षी आपणहून वर्गणी भरणाऱ्यांत आणि दर दिवाळीला न मागता जाहिरात देणाऱ्या दुकानदारांत. तीन वर्षांची शिल्लक काढून तिची सरासरी धरावी, पण त्याआधी खर्चात मुद्रितं तपासणाऱ्या काकूंची आणि पत्ते चिकटवणाऱ्या मुलांची मजुरीही घालावी. आपण फुकट केलं म्हणून नवा मालक फुकट करवून घेणार नाही. मग जे उरेल, तोच खरा नफा.

आणखी एक. जुन्या अंकांचा साठा 'विकायचा' म्हणतात. कागद विकता येईल. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, बाहेरच्या लेखकानं हक्क लेखी दिले नसतील तर लेख त्याचाच राहतो, आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं वारसांचा. आपल्याकडे असं लेखी कुणाकडून घेतलंय? आपल्या आज्यांच्या आठवणी, फाळणीनंतर कराचीहून आलेल्या मराठी कुटुंबांच्या हकिकती, हे सगळं मंडळाच्या मालकीचं नाहीच, तर विकणार काय?

माझं मत सरळ आहे. द्यायला हरकत नाही. बंद पडण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातात चालू राहिलेलं बरं. पण आकड्याआधी तीन गोष्टी कागदावर याव्यात: आजीव सभासदांना अंक जात राहतील, अंक मराठीतच निघेल, आणि जुन्या अंकांचा एक पूर्ण संच इथल्या ग्रंथालयात राहील. हे मान्य करून जो कमी पैसे देतो, तो मला जास्त देणाऱ्यापेक्षा बरा. कारण आपण देतोय ती लोकांची सवय, आणि ती त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून लावून घेतली होती.

रविवारच्या सभेला या. आणि येताना माळ्यावरचे जुने अंक बघून या. संच पूर्ण करायचा तर ते तुमच्याच घरात सापडतील.