भाभींचा अर्ज आणि छोट्या दादांचा पासपोर्ट

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी माझा पुतण्या लॅपटॉप आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरलेले कागद घेऊन घरी आला. त्याची आई, म्हणजे माझी चुलत भाभी, कराचीची. २००३ मध्ये निकाह होऊन ती भंडाऱ्यात आली आणि तेव्हापासून लाँग टर्म व्हिसावर, ज्याला घरात सगळे 'एलटीव्ही' म्हणतात, त्यावर राहते आहे. आता कुठे तिच्या नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला होता.

अर्ज बराचसा भरून झाला होता. आधीचे व्हिसा आणि भारतातील वास्तव्य यांचा तपशील लिहिण्याच्या जागी मात्र पोरगा अडला होता. भाभी १९८८ मध्ये सहा वर्षांची असताना आईबरोबर एकदा भंडाऱ्यात येऊन गेली होती. आईच्याच पासपोर्टवर तिचं नाव होतं. नात्यातलं लग्न होतं, महिनाभर राहून दोघी परत गेल्या. अर्ज भरून देणाऱ्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, जुनं काही लिहू नका, जितकं जास्त लिहाल तितकी जास्त चौकशी.

"चाचा, ये खाली छोड दूँ?" त्याने विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आलेला नव्हता.

आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. दादांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे छोटे दादा. भाभी त्यांचीच नात. छोटे दादा भंडाऱ्यात जन्मले, वैनगंगेत पोहायला शिकले आणि १९५१ मध्ये कामाच्या शोधात कराचीला गेले. फाळणीच्या दंगलीत पळून गेलेले ते नव्हेत. आमच्या भागात तशी वेळही आली नव्हती. ओळखीच्या माणसाने नोकरी देतो म्हणून बोलावलं आणि ते गेले. त्यांच्या मनात ते मुंबईला जाण्यासारखंच होतं, थोडं लांबचं एवढंच.

त्या वेळचे नियम आज फारसे कुणाच्या लक्षात नाहीत. १९४७ मध्ये सीमा आखली गेली तरी लगेच पासपोर्ट आले नाहीत. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सक्तीचं केलं. तात्पुरत्या भेटीचं परमिट वेगळं आणि कायम परतण्याचं वेगळं. १९४९ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. पुढे राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदात लिहिलं गेलं की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही, मात्र कायम परतण्याचं परमिट घेऊन आला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एकाच सरकारी खिडकीवरून मिळालेल्या दोन कागदांपैकी तुमच्या हातात कोणता पडला, यावर तुमचा देश ठरत होता. भेटीचं परमिट लवकर मिळतं म्हणून अनेकांनी तेच घेतलं आणि नंतर तोच कागद त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसाची पद्धत सुरू झाली. तेव्हा छोटे दादा कराचीत होते. आईला भेटायला यायचं तर पासपोर्ट हवा, आणि कराचीत बसलेल्या माणसाला मिळणारा पासपोर्ट पाकिस्तानचा. त्यांनी तो घेतला. देश बदलतो आहोत असं त्यांना वाटलं नसावं. घरचे सांगत, ते त्याला 'गाव जाने की किताब' म्हणायचे.

१९५६ मध्ये पणजी आजारी पडली तेव्हा ते त्या किताबीवर तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन भंडाऱ्यात आले. पणजी त्यांना सोडायला तयार नव्हती, त्यांचंही मन परत जायला होत नव्हतं. पण व्हिसाची मुदत संपत आली, गावात कुजबुज सुरू झाली, शहाण्यासुरत्यांनी सांगितलं की जेल होईल. छोटे दादा निघून गेले. त्यानंतर पणजीची आणि त्यांची भेट झाली नाही.

आता याच वर्षातली दुसरी गोष्ट. मे १९५६ मध्ये बुऱ्हाणपूरचे पीर मोहम्मद नावाचे गृहस्थ पत्नीसह पाकिस्तानी पासपोर्ट आणि भारतीय व्हिसावर परत आले. तेही २६ जानेवारी १९५० नंतर तिकडे गेले होते. व्हिसा संपला तरी ते गेले नाहीत. आम्ही इथेच जन्मलो, आम्ही भारतीयच आहोत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

बुऱ्हाणपूर आपल्याला लांबचं वाटतं. पण मे १९५६ मध्ये भंडारा आणि बुऱ्हाणपूर एकाच राज्यात होते, जुन्या मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे छोटे दादा आणि पीर मोहम्मद एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या कागदावर आले होते. एक परत गेला, दुसरा थांबून लढला.

१९६२ मध्ये 'मध्य प्रदेश राज्य विरुद्ध पीर मोहम्मद' या खटल्याचा निकाल लागला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सातवा अनुच्छेद घटना लागू होण्यापूर्वी गेलेल्यांना लागू होतो, २६ जानेवारी १९५० नंतर गेलेल्यांना नाही. नंतर गेलेल्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नाही, हे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ठरवायचं, आणि तो निर्णय केंद्र सरकारने करायचा. तो झाल्याशिवाय त्याला परकीय धरून खटला चालवता येत नाही. राज्याचं अपील फेटाळलं गेलं.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छोट्या दादांची आठवण येऊन वाईट वाटलं. ते थांबले असते तर? पण पुढचंही वाचलं पाहिजे, अर्धा इतिहास सांगणं बरं नव्हे. १९५६ च्या नियमांत असं होतं की भारतीय माणसाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की त्याने त्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतल्याचा तो निर्णायक पुरावा मानायचा. 'निर्णायक' म्हणजे त्यावर दुसरं काही ऐकायचंच नाही. १९६२ मध्येच इजहार अहमद खान खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने हा नियम वैध ठरवला. त्यामुळे थांबूनही छोट्या दादांचा पासपोर्ट त्यांच्या आडवा आलाच असता. पुढे १९६५ मध्ये मोहम्मद अयूब खान खटल्यात कोर्टाने एक फट उघडली. पासपोर्ट आपण आपल्या मर्जीने घेतला नाही, तो दबावाखाली घ्यावा लागला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला ते मांडायची पुरेशी संधी दिली पाहिजे.

या साऱ्या निकालांत एक ओढाताण दिसते. सरकार म्हणतं कागद बघा. माणूस म्हणतो, कागद का घ्यावा लागला तेही विचारा. कोर्ट कधी इकडे झुकतं, कधी तिकडे. ज्यांना विचारलं गेलं, ते कागद समोर ठेवून उभे राहिले होते. पीर मोहम्मद यांनी आपल्याकडे पाकिस्तानी पासपोर्ट नाही असं म्हटलं नाही. पासपोर्ट आहे, व्हिसा आहे आणि तरीही मी इथला आहे, असं ते म्हणाले. म्हणूनच कोर्टाला तो प्रश्न सोडवावा लागला.

ही गोष्ट फक्त मुसलमानांची आहे असं कुणी समजू नये. जुन्या भंडारा जिल्ह्यात, आता गोंदियात गेलेल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली. प्रतापगडला दर्ग्यावर जाणाऱ्या आपल्या लोकांना हा भाग चांगला माहीत आहे. जिल्ह्याचे दोन भाग १९९९ मध्ये झाले, पण तिबेटी लोक आजही त्या वसाहतीला 'भंडारा' म्हणतात.

तिथे जन्मलेल्या मुलांचा पेच छोट्या दादांच्या उलटा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद सोडले तर, जन्मानेच भारतीय नागरिक आहे, आईबाप कुठलेही असोत. पण या मुलांच्या हातात परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र होतं आणि प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्व 'तिबेटी' लिहिलेलं होतं. १९८६ मध्ये भारतात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला याच कारणाने पासपोर्ट नाकारला गेला. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की तिने स्वतःला तिबेटी लिहिलं म्हणून जन्माने मिळालेलं नागरिकत्व जात नाही. नंतर २०१७ मध्ये अशा लोकांना पासपोर्ट देताना नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा, अशा अटी आल्या. जुना कागद लपवून त्यांचं भागलं नसतं. तो सांगूनच, आणि त्याचा अर्थ काय यावर भांडूनच त्यांना हक्क मिळाला.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "चाचा, ते कोर्टातले लोक. आपण साधे लोक. सहा वर्षांच्या पोरीची एक ट्रिप, कोण बघतंय?"

मग मी त्याला आजचा कायदा दाखवला. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा समाजांना वेगळी वाट दिली, त्यात मुसलमान नाहीत. भाभीसाठी जुनीच वाट, भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांची नोंदणी, कलम ५. त्यात सात वर्षांचं वास्तव्य लागतं: अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. हे सिद्ध कशाने होणार? व्हिसाच्या शिक्क्यांनी, मुदतवाढीच्या नोंदींनी, पोलिसांकडच्या नोंदणीने. ज्या कागदांना आपण घाबरतो तेच आपले साक्षीदार आहेत.

लपवण्याची किंमतही कायद्यात लिहिलेली आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कलम १७ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महत्त्वाची गोष्ट दडवून नोंदणी मिळवली असेल तर कलम १० प्रमाणे मिळालेलं नागरिकत्व काढून घेता येतं, दहा वर्षांनी सापडलं तरी. १९८८ ची भेट कदाचित कुणी विचारणारही नाही. पण पाकिस्तानी पासपोर्टवर येणाऱ्याला ठरावीक शहरांचाच व्हिसा मिळायचा आणि पोलिसांत हजेरी लावावी लागायची. ती नोंद कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असणार. लिहिलेली भेट ही एक साधी भेट असते. न लिहिलेली भेट सापडली तर तिचा संशय होतो आणि मग बाकीच्या खऱ्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

शेवटी मी त्याला विचारलं, "तुझा जन्म कधीचा?"

"२००६."

डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला जन्माने नागरिकत्व मिळायचं तर आईबाप दोघं भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा त्या वेळी बेकायदा राहणारा नसावा. त्याचा बाप भारतीय. आई २००६ मध्ये वैध व्हिसावर इथे होती, म्हणून तो भारतीय. त्याच्या मतदार यादीतल्या नावामागे त्याच्या आईचा तो एलटीव्ही उभा आहे. ज्या कागदाची त्याला लाज वाटत होती, त्याच्यावरच तो उभा होता.

तो बराच वेळ गप्प बसला. मग पिशवीतले कागद जमिनीवर पसरून त्याने तारखेप्रमाणे लावायला घेतले. भाभीला फोन करून १९८८ च्या भेटीचा महिना विचारला. तिला तारीख आठवेना. लग्नाच्या जेवणात आमरस होता एवढं आठवलं, म्हणजे उन्हाळा. तिच्या आईचा जुना पासपोर्ट कराचीत मामाकडे आहे. त्याचे फोटो मागवले, ते चार दिवसांनी आले. शिक्के पुसट होते, पण वाचता आले.

त्या रकान्यात आता १९८८ ची नोंद आहे. अर्ज गेला आहे. निकाल कधी लागेल ते अल्लाह जाणे आणि दिल्ली जाणे. वाचकांपैकी कुणाच्या घरात असे जुने पासपोर्ट, परमिट, पोलिसांच्या पावत्या पेटीत पडल्या असतील तर त्या फेकू नका आणि लपवूही नका. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून तारखा लिहून घ्या. छोट्या दादांकडून कुणी लिहून घेतल्या नाहीत. त्यांची 'गाव जाने की किताब' कुठे गेली, आज कराचीतही कुणाला सांगता येत नाही.