शेतकरणीचं आयुष्य आणि इतिहासाचा कागद



इतिहास म्हटला की आपण कागदाकडे वळतो. बखर, सनद, पत्रव्यवहार, सरकारी दप्तर. ज्याचा कागद त्याचा इतिहास, असा जणू नियमच होऊन बसला आहे. मग जिने सगळं आयुष्य शेतात आणि चुलीपुढे काढलं, जिला अक्षरओळख नव्हती, जमिनीच्या कागदावर जिचं नाव सहसा येत नाही, तिचा इतिहास आपण कशावरून लिहायचा? आज हा प्रश्न आपण एका आयुष्याच्या आधाराने पाहू. नाव तुमच्या परिचयाचं आहे: बहिणाबाई चौधरी. कवयित्री म्हणून त्यांच्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. आज त्यांच्याकडे शेतकरीण आणि आई म्हणून पाहू या.

बहिणाबाईंचा जन्म 1880 चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. सासरची पहिली काही वर्षं कशी गेली असतील, याचा अंदाज तेव्हाच्या घटनांवरून करता येतो. 1896-97 चा दुष्काळ, त्याच सुमारास मुंबई इलाख्यात शिरलेला प्लेग, आणि 1899-1900 चा, लोकांनी ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हटलं तो. पुस्तकात या तीन तारखा आहेत. घरात त्यांचा अर्थ असा, की कणगीत दाणे किती उरले आणि खाणारी तोंडं किती, याचा हिशेब रोज एका बाईने करायचा. प्लेगने तर त्यांच्याच मुलाला, ओंकारला, कायमचं अपंगत्व दिलं. तिशीच्या आसपास त्यांना वैधव्य आलं. पदरात दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यानंतर चाळीस वर्षं त्या जगल्या आणि 3 डिसेंबर 1951 रोजी वारल्या.

एकाहत्तर वर्षं. आज आपल्याला हे काही फार वाटत नाही. पण 1911 ते 1921 या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षांचं होतं. यात बालमृत्यू आले, 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्यामुळे सगळेच विशीत मरत होते असा याचा अर्थ नाही. पण म्हातारपण गाठणं ही तेव्हा गृहीत धरायची गोष्ट नव्हती, एवढं नक्की.

अशा आयुष्याचा मोठा भाग कशात जातो? पहाटे जात्यावर दळण. मग सडा-सारवण, पाणी भरणं, गोठा, भाकऱ्या. दिवस वर आला की शेत: निंदणी, कापसाची वेचणी, खळ्यावर मळणी आणि उपणणी. संध्याकाळी पुन्हा चूल. मध्येच बाळंतपण, कुणाचं आजारपण. बियाणं निवडून राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवायचं, तेही बहुधा तिनेच. यातलं कुठलंही काम एकदा केलं की संपत नाही. इतिहासकाराची अडचण इथेच आहे. लढाई एकदा होते, म्हणून तिला तारीख मिळते. भाकरी रोज होते, म्हणून तिला तारीख नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं ज्ञानाची साधनं शिकवताना प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी यादी सांगतो. विद्यार्थी धुराचं आणि अग्नीचं उदाहरण पाठ करतात. पण दाणा दाताखाली धरून तो पुरेसा वाळला की नाही ते ओळखणारी बाई दिवसभर प्रत्यक्ष आणि अनुमानच करत असते. बहिणाबाईंच्या गाण्यांत सुगरणीचा खोपा येतो, जातं येतं, पेरणी येते. ही नुसती सजावट नाही, ते निरीक्षण आहे. शिकल्याशिवाय विचार करता येत नाही, या आपल्या समजाला त्या गाण्यांनी मोठा धक्का दिला.

आणि ती गाणी वाचली कशी, तेही पाहा. त्या काम करता करता गात. घरातल्या मुलांनी काही टिपून घेतली. धाकटे सोपानदेव स्वतः कवी निघाले, त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. मुलगा कवी नसता तर? तर आज त्यांच्या आयुष्याचा मागमूसही आपल्या हाती नसता. असे मुलगे नसलेल्या आया लाखांनी होत्या. त्यांच्यासाठी साक्ष उरते ती जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गावात पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यांना सुख मिळालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण गाण्याची वेळ मात्र गेली.

आता कायद्याकडे येऊ. बहिणाबाईंना वैधव्य आलं तेव्हा, एकत्र कुटुंबात मुलगे असताना, हिंदू विधवेला पोटगी मिळे, जमिनीची मालकी नाही. 1937 च्या कायद्याने विधवेला वाटा दिला तो हयातीपुरता, आणि शेतजमिनीचा प्रश्न त्यातही अडकलाच. पूर्ण मालकी आली ती 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. पुढे 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली: नवऱ्याने जमिनीचा काही भाग आपणहून बायकोच्या नावावर करावा. काही गावांनी तसं केलंही.

तरी 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला 299 मिनिटांचा वेळ त्यात जातो असं दिसलं, पुरुषाचा 97 मिनिटांचा. निदान आता ही मिनिटं कुणीतरी मोजली, हेही थोडं नाही.

तेव्हा तुम्हां श्रोत्यांना दोन कामं सांगून थांबतो. घरात, गावात ऐंशी-नव्वदीची एखादी आजी असेल तर तिच्याजवळ बसा. तुझं लग्न केव्हा झालं, असं विचारलं तर तिला साल सांगता येणार नाही कदाचित. पण 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण जात होतं, घरात काय शिजत होतं, असं विचारलं तर ती तासभर बोलेल. फोनवर ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि दुसरं, घरचा सातबारा काढा. जिने ती जमीन आयुष्यभर निंदली, तिचं नाव त्यावर आहे का, ते बघा. नसेल तर ती हयात असतानाच त्याची चर्चा घरात सुरू करा. ती गेल्यावर घरात तिचा फोटो लागेल, पण सातबाऱ्यावर तिचं नाव लागायची वेळ निघून गेलेली असेल.