तुतानखामनची तुतारी : १९३९ साली जगाने नेमके काय ऐकले?

१/७ १६ एप्रिल १९३९. कैरोच्या संग्रहालयातून बीबीसीच्या प्रक्षेपणात तीन हजारांहून अधिक वर्षे जुनी तुतारी वाजली. तिचा मालक तुतानखामन, वादक ब्रिटिश घोडदळातील जेम्स टॅपर्न. ते ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. पण तो आवाज प्राचीन इजिप्तचा होता काय?

२/७ हॉवर्ड कार्टर यांना १९२२ साली सापडलेल्या थडग्यात दोन तुताऱ्या होत्या. एक चांदीची, सुमारे ५८ सेंमी लांब. दुसरी तांब्याच्या मिश्रधातूची, सुमारे ५० सेंमी. दोन्ही सरळ नळीच्या, पडदे वा छिद्रे नसलेल्या. आपल्या तुतारीप्रमाणेच येथेही सूर बदलतो तो केवळ ओठांनी आणि श्वासाने.

३/७ त्यांवर आमून, रे-होराख्ती आणि प्ताह या देवतांच्या आकृती कोरलेल्या आहेत. इजिप्तच्या सैन्यातील दलांनाही देवतांची हीच नावे असत. त्यामुळे ही वाद्ये गायनासाठी नव्हे, तर इशाऱ्यांसाठी होती असे मानले जाते.

४/७ आणखी एक बोलका पुरावा : दोन्ही तुताऱ्यांच्या पोकळीत लाकडी गाभे बसवलेले होते. पातळ पत्रा चेपू नये, यासाठी मालकाच्या माणसांनी घेतलेली ही काळजी.

५/७ विसाव्या शतकाने तेवढी काळजी घेतली नाही. वाजवून पाहताना चांदीची तुतारी तुटली व पुढे ती जोडावी लागली, असे सांगितले जाते.

६/७ शिवाय टॅपर्नने आधुनिक माउथपीस बसवला होता. मूळ वाद्यात केवळ धातूचे कडे आहे. नंतर संगीत-अभ्यासक हान्स हिकमन यांनी दाखवले, की माउथपीसवाचून जेमतेम दोनच स्वर नीट निघतात. १९३९ साली ऐकू आलेल्या बिगुलासारख्या सुरावटी म्हणजे वादकाच्या स्वतःच्या पलटणीची आठवण होती. फॅरोच्या सैन्याची नव्हे.

७/७ २०११ च्या उठावात संग्रहालयातून तांब्याची तुतारी चोरीस गेली. काही आठवड्यांनी ती परत मिळाली. धातू वाचला, पण ती कशी फुंकावी हे शिकवणारी परंपरा कधीच लोपली. वस्तू जपता येते; वादन मात्र गुरूकडून शिष्याकडे गेले तरच टिकते. म्हणून आज तुतारी फुंकणारा वृद्ध वादक हासुद्धा इतिहासाचे साधनच आहे. त्याला वेळीच ऐकावे.